जाम स्क्रू आधी हादरवा, मग फिरवा

प्रश्न : भाऊ, आमच्या जुन्या व्हॅनची नेहमीची देखभाल मी स्वतःच करते. या वेळी मागचे ब्रेक शू साफ करायला घेतले, तर ड्रमवरचे दोन्ही स्टार स्क्रू गंजून बसलेत. एकाची खाच ड्रायव्हर घसरून गोल झाली. दुसऱ्याला अजून हात लावलेला नाही. मागच्या दिव्याच्या काचेचा एक स्क्रूही हलत नाही. गॅसची ज्योत मारू की सरळ ड्रिल? आणि पुढच्या वेळी असं होऊ नये म्हणून काय करू?
– एक वाचक

उत्तर : ताई, दुसऱ्या स्क्रूला हात लावला नाहीत हे फार बरं झालं. आधी त्याचंच बोलू, कारण तो अख्खा निघू शकतो.

गंज हा मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा अडवतो. आट्यांमधली बारीकशी फट त्याने गच्च भरते, शिवाय स्क्रूचं डोकं ड्रमच्या ज्या खोलगट उतारावर बसतं तिथेही तो धरतो. मग नुसता पीळ दिला की जोर आट्यांपर्यंत पोचतच नाही, खाच तेवढी सोलली जाते. म्हणून गंज आधी ठोक्याने मोडायचा.

पुढच्या चाकांना ठोकळे लावा, मागची बाजू स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर कधीही काम करू नका. स्क्रू सुटेपर्यंत हँडब्रेक ओढलेला असू द्या, नाहीतर ड्रमच फिरत राहील. आता खाचेतला गंज आणि रंग जाड सुईने उकरून काढा. कंटाळवाणं काम आहे, पण बिट, म्हणजे ड्रायव्हरचं टोक, खाचेच्या तळाला टेकला नाही तर पुढचं सगळं फुकट. बहुतेकांच्या हाताशी २ नंबरचा स्टार ड्रायव्हर असतो आणि घात तिथेच होतो. ड्रमच्या स्क्रूला बहुधा ३ नंबर लागतो. जपानी बनावटीच्या गाड्यांत खाचेची घडण थोडी वेगळी असते, डोक्यावर बारीक ठिपका दिसला तर ‘जेआयएस’ (जपानी औद्योगिक मानक) बिटच आणा.

जाम सोडवायचं पातळ तेल दोन-तीन थेंब टाका आणि रात्रभर मुरू द्या. इंजिन ऑइल दाट असतं, ते आट्यांत उतरत नाही. तेल फवारू नका, थेंबच टाका. दुसऱ्या दिवशी डोक्यावर सपाट पंच धरून हातोडीचे तीन-चार सरळ, दणकट ठोके द्या. मग हाताचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. हातोडीचा घाव बसला की तो बिटला आत दाबतो आणि त्याच क्षणी थोडासा फिरवतो, त्यामुळे बिट घसरायला जागाच राहत नाही. पहिला घाव किंचित आवळायच्या दिशेने द्या, नंतर सोडायच्या. ‘कट’ असा कोरडा आवाज आला की गंज मोडला समजा. तिथून पुढे अर्धा फेरा बाहेर, पाव फेरा आत, पुन्हा तेल. एका दमात ओढलात तर गंजाचा चुरा आट्यांत अडकून स्क्रू पुन्हा जाम होईल.

गोल खाचेच्या स्क्रूचं दुःख करू नका. हे स्क्रू चाक नसताना ड्रम जागेवर धरण्यापुरते असतात, खरी पकड चाकाच्या नटांची. डोक्याच्या बरोबर मध्यावर पंच मारून आधी बारीक आणि मग स्क्रूच्या दांड्याएवढ्या जाडीचं ड्रिल चालवा. डोकं सुटून येईल. हँडब्रेक सोडून ड्रम काढा (अडलाच तर शूचा ॲडजस्टर सैल करा). उरलेल्या दांड्यावरचा ताण गेलेला असतो, त्यामुळे पकडीच्या पान्यात धरला की तो बरेचदा सहज फिरतो. इझी-आउट, म्हणजे तुटका स्क्रू उलटा फिरवून काढायचं हत्यार, मात्र मी इथे सुचवणार नाही. तो कडक आणि ठिसूळ असतो; आत तुटला तर साधं ड्रिल त्याच्यावर चालत नाही.

ज्योत इथे नकोच. ड्रमच्या आत व्हील सिलिंडरचं रबर आहे, ब्रेक ऑइल आहे, बेअरिंगचं ग्रीस आहे.

दिव्याच्या स्क्रूला तेल कापसाच्या काडीने, शक्य झाल्यास मागच्या बाजूने लावा. काही तेलांनी प्लास्टिकला तडे जातात. ठोकेही नकोत, बिट घट्ट दाबून मागे-पुढे हलवत राहा.

परत बसवताना दोन्ही स्क्रू नवे घ्या, भोकातले आटे टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) साफ करा आणि स्क्रूच्या आट्यांवर अँटी-सीझचा, म्हणजे जाम न होऊ देणाऱ्या पेस्टचा, अगदी पातळ हात द्या. साध्या ड्रायव्हरने हाताने आवळलं की पुरे. हीच पेस्ट चाकाच्या नटांना लावायचा मोह टाळा. पुस्तिकेत दिलेला टॉर्क, म्हणजे आवळायचा पीळ, सहसा कोरड्या आट्यांसाठी असतो. वंगण लागलं की तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. आणि या सगळ्यात तेल शूच्या लायनिंगमध्ये मुरलंच, तर पुसून चालणार नाही, दोन्ही चाकांचे शू एकदमच बदला.