भाजी कापायची का चिरायची?

पुण्याला नोकरीला गेलेल्या भाचीनं काल विचारलं, 'मामा, मी कांदा चिरते म्हणाले तर रूममेट हसल्या, म्हणे चिरतात ते गळा, भाजी कापायची असते. खरं काय?'

बाळा, तू बरोबरच बोललीस. आपल्या सोलापुरात घरोघरी भाजी चिरतातच. पण दोन्ही शब्द एक नव्हेत, बारीक फरक आहे आणि तो मला फार आवडतो. लक्ष्मी मंडईतनं वांगी आणली की तुझी आजी काय सांगायची आठव, 'कापू नकोस गं, नुसत्या चिरा दे.' म्हणजे देठाशी जोडलेलं ठेवायचं, खालनं दोन उभ्या-आडव्या रेघा मारायच्या, वांगं उघडतं पण सुटं होत नाही, त्यात शेंगादाण्याच्या कुटाचा मसाला भरायचा. चिरणं म्हणजे मुळात उभं फाकवणं, उघडं करणं. कापणं म्हणजे तोडून वेगळं करणं. म्हणून दोरी, केस, केक कापायचा, हे कुणी चिरत नाही. सुताराकडं बघ, ओंडका आडवा कापतो आणि त्याच्या फळ्या उभ्या चिरतो. आता कांदा बारीक चिरतो तेव्हा तुकडेच होतात हे खरंय, तिथं अर्थ पसरलाय, पण विळीवर कांदा आधी उभाच फाकतो ना.

चिरणं हे संस्कृत 'चीर'च्या नात्यातलं. चीर म्हणजे झाडाच्या सालीची किंवा कापडाची लांब पट्टी, म्हणून वस्त्रालाही चीर, आणि फाटक्या कापडाला चिरगूट. कपाळावरची कुंकवाची आडवी चिरी, भिंतीला गेलेली चीर, वाड्याचा चिरा, कोकणातली चिरेखाण ही सगळी त्याच घरातली मंडळी.

कापणं मात्र वेगळ्या वाटेनं आलंय, संस्कृत 'कल्प्', प्राकृतात 'कप्प'. त्याचा अर्थ नीट करणं, बेतानं छाटणं. संस्कृतात न्हाव्याला 'कल्पक' म्हणायचे, म्हणजे केस कापणं हा किती जुना वापर बघ, आणि 'कल्पना' पण ह्याच धातूची!

अजून एक, हे खास आपल्याकडचं. शेजारची कन्नड काकू आणि सोलापूरच्या पूर्वभागातली तेलुगू मावशी, दोघींच्या भाषेत कापायला 'कोय' असा धातू आहे. आपला ऊसतोडीचा कोयता त्यातलाच. नवरा-बायकोच्या जोडीला मुकादम 'एक कोयता' म्हणून मोजतो ते तू ऐकलंच असशील. आणि गंमत म्हणजे कोयत्यानं ऊस आपण ना कापतो ना चिरतो, तोडतो.

तेव्हा रूममेटना सांग, गळा चिरतात तशी भाजीपण चिरतात, आणि भरली वांगी करून घाल त्यांना, देठ न काढता.