मुलीला कॅटेकिझमला (ख्रिस्ती धर्मशिक्षणाला) बसवतात आणि फॉर्मवर सही तर माझीच आहे, आता काय करू?

वसईहून एका वडिलांनी विचारलंय. मुलगी सहावीला, कॅथलिक मिशनची अनुदानित शाळा, घरचे हिंदू. गेल्या वर्षापर्यंत कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाच्या तासाला वेगळ्या वर्गात जायची, बाकीच्यांना मॉरल सायन्स असायचं. यंदा मॉरल सायन्सच्या टीचर सोडून गेल्या म्हणून सगळ्यांना एकत्रच बसवतात, वर डायरीत निरोप की 'आवर फादर' ही ख्रिस्ती प्रार्थना पाठ करून या, तोंडीला मार्क आहेत. पोरीने ती आजीपुढे घडाघडा म्हणून दाखवली आणि मग घरात जे व्हायचं ते झालं. काका म्हणतात पोलिसात जा, आणि वडील घाबरलेत की ॲडमिशन फॉर्मवर 'शाळेचे सर्व नियम मान्य' याखाली सही आपलीच आहे.

सहीचं टेन्शन घेऊ नका. राज्यघटनेचं कलम 28(3) सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही, स्वतःची संमती असेल तरच, आणि मूल अज्ञान असेल (म्हणजे कायद्याने अठराच्या आतलं, अडाणी नव्हे) तर पालकाची संमती लागते. आता 'सर्व नियम मान्य' ही संमती धरायची का, तर माझ्या मते नाही, धर्मशिक्षणाचं नाव तरी त्यात हवं ना, आणि समजा धरली तरी आज लेखी नकार दिलात की उद्यापासून कुठली संमती उरली?

पण शाळेचीही बाजू ऐका. कलम 30(1) प्रमाणे अल्पसंख्याकांना आपली शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क आहे, त्यामुळे कॅथलिक मुलांचा कॅटेकिझम बंद करा असं तुम्ही म्हणू शकत नाही, तुमचा हक्क तुमच्या मुलीपुरता. आणि येशूची गोष्ट, नाताळचं नाटक, सगळ्या धर्मांची ओळख, यावर भांडू नका. 2002 च्या अरुणा रॉय खटल्यात सुप्रीम कोर्टाने धर्मांविषयी शिकवणं आणि धर्माचं शिक्षण देणं यात फरक केलाय. प्रार्थना पाठ करून घेऊन मार्क देणं मात्र मला सरळसरळ धर्माचं शिक्षण देण्याच्या खात्यातलं वाटतं.

काकांना सांगा पोलिसात जायचं नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 299 (जुनं 295अ) लागायला धर्मभावना दुखवायचा जाणूनबुजून, दुष्ट हेतू लागतो, इथे टीचर मिळाली नाही एवढंच दिसतंय, आणि एफआयआरच्या भानगडीत पोरगी वर्गात एकटी पडेल ते वेगळंच. कुणी आरटीई (शिक्षण हक्क कायदा) टाका म्हणेल, तेही सोडा, सुप्रीम कोर्टाच्या 2014 च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळा त्यातून बाहेर काढल्यात. त्या निकालावर 2025 मध्ये कोर्टातच शंका घेतली गेलीय पण तुमच्या सहामाहीपर्यंत काही ते सुटत नाही.

करायचं एवढंच, मुख्याध्यापिका सिस्टरांना साध्या मराठीत अर्ज द्या: 'माझ्या मुलीने धार्मिक शिक्षणाच्या तासाला व प्रार्थनेच्या तोंडी परीक्षेला बसावं यास माझी संमती नाही, कलम 28(3) प्रमाणे तिला सूट द्यावी व त्या तासाला तिची दुसरी सोय करावी.' शेवटचं वाक्य गाळू नका, नाहीतर पोरगी व्हरांड्यात उभी. झेरॉक्सवर शिक्क्यासकट पोच घ्या. आणि देताना आवाज न चढवता सांगा की 2024 मध्ये कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेच, सीबीसीआयने, आपल्या शाळांना कळवलंय की इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका. माझा अनुभव असा की अशा शाळांत घटनेच्या कलमापेक्षा हे वाक्य लवकर काम करतं.

पंधरा दिवसांत काही नाही झालं तर तोच अर्ज पोचेसकट जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे, आणि त्यापुढे हायकोर्टात रिट (हक्क मोडल्याची याचिका), पण तिथवर जायची वेळ सहसा येत नाही. डायरीतला तो निरोप पेन्सिलने लिहिलाय म्हणालात ना, आज रात्रीच त्या पानाचा फोटो काढून ठेवा.