आईची नजर गेल्यापासून तिला घरात नसलेली माणसं दिसतात. वेड लागलंय का? धीर कसा द्यावा?

वेड नाही हो. याला चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात. जिनिव्हाच्या या निसर्गअभ्यासकाने १७६० मध्ये आपल्या आजोबांबद्दल लिहून ठेवलंय: नजर अधू, डोकं शाबूत, आणि समोर माणसं, पक्षी, गाड्या. डोळ्यांकडून काही येईना की मेंदू स्वतःच चित्रं काढत बसतो.

मला काचबिंदू आहे. मला फेटेवाले दिसतात. बोलत नाहीत, नुसते उभे.

पुतणीला बघायला पाहुणे येणार होते, तेव्हा आमच्या भाऊजींनी बजावलं, "वहिनी, तेवढं फेट्यांचं काढू नका." मी जन्मभर गणित शिकवलं. उत्तर चुकलं तरी चालेल, पण बघून लिहायचं नाही, हे मुलांना सांगून घसा बसला माझा. मुलाच्या आईने विचारलं, "तिकडे काय बघताय?" मी म्हटलं, "तुमच्या मागे फेटेवाले उभे आहेत. खरे नाहीत. पोहे घ्या." स्थळ पुढे सरकलं नाही. भाऊजी अजून माझ्यावर बिल फाडतात. पत्रिका आधीच अडली होती, हे त्यांनाही ठाऊक आहे.

फेटेवाले येणार की नाही, हे माझ्या हातात नाही. खोटं न बोलणं आणि संध्याकाळची शिकवणी, या दोन गोष्टी आहेत. फळ्यावर मला नसलेली जाळी दिसू लागली की मुलं गणित मोठ्याने वाचतात, मी तोंडी सोडवते. भीती वाटते तेव्हाही वर्ग सुटत नाही. तुमच्या आईचं असं काय आहे, ते तिलाच विचारा. देवपूजा असेल तर फुलं हाताने चाचपून वाहू दे, माणसं बसू देत बाजूला. "तिथे कोणी नाही" हे तिला कळतं, पुन्हा पुन्हा सांगू नका.

दिवा लावणं, नजर डावी-उजवीकडे भराभर फिरवणं, याने चित्र कधी कधी जातं. अंधुक उजेडात जास्त त्रास होतो.

हो, आवाजही ऐकू येत असतील, ती माणसं खरीच वाटत असतील किंवा आई गोंधळत असेल, तर प्रकरण वेगळं. लगेच डॉक्टर गाठा. डोळ्यांच्या डॉक्टरांना तर सांगाच, ते आपणहून विचारतील या भरवशावर राहू नका.

आणि "बाहेर बोलू नका" म्हणणारं घरात कोणी असेलच. त्यांना हे वाचून दाखवा. मी फोनला सांगून लिहिलंय, चुका असतील, तरी भाऊजींना पाठवणार आहे.