घरात कोणत्या ठिकाणी किती चमकेचा रंग लावावा?

साताऱ्यातील जुन्या घराला सगळीकडे एकच चमकदार रंग द्यावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तसे करू नये. रंगात रंगद्रव्याच्या मानाने बांधून ठेवणारी राळ जितकी अधिक, तितका त्याचा थर गुळगुळीत, चमकदार आणि पुसण्यास टिकाऊ होतो. परंतु तोच थर खिडकीतून तिरपा प्रकाश पडताच भिंतीवरील प्रत्येक उंचवटा आणि पुट्टीचा प्रत्येक जोड उघडा पाडतो. म्हणून छताला आणि ओबडधोबड गिलाव्याला मॅट म्हणजे बिनचमकेचा रंगच द्यावा. बैठकीच्या खोलीत सॅटिन म्हणजे हलक्या चमकेचा रंग बरा पडतो. स्वयंपाकघरात फोडणीचा तेलकट थर ओल्या फडक्याने पुसता यावा म्हणून सेमी-ग्लॉस म्हणजे मध्यम चमकेचा रंग घ्यावा, आणि दारे, चौकटी व ग्रिल यांना ग्लॉस इनॅमल म्हणजे पूर्ण चमकेचा, कडक थराचा रंग लावावा.

जुन्या दगडी भिंतींबाबत मात्र आग्रहाने सांगतो. पावसाळ्यात त्या ओल धरतात, आणि त्यांवर ऑइल पेंट चढवल्यास ती ओल आतच कोंडून रंगाला फुगे येतात व पोपडे सुटतात. आधी गळती बंद करून भिंत उन्हाळ्यात पूर्ण वाळू द्यावी आणि मग चुन्याचा रंगच द्यावा, कारण त्यातून ओल बाहेर पडू शकते. तो हाताला थोडा लागतो, पण भिंत सुरक्षित राहते.

सगळा रंग विकत घेण्यापूर्वी भिंतीवर २ फूट लांब-रुंद तुकडा रंगवून तो सकाळच्या उन्हात आणि रात्रीच्या दिव्यात, दोन्ही वेळा पाहावा.