आयव्हीएफ सुरू करण्याआधी, ताई

सगळ्यात आधी, तपासण्या दोघांच्याही होऊ देत. तुझं एएमएच (बीजांचा साठा किती आहे, याचा अंदाज देणारी रक्ततपासणी), सोनोग्राफी होईलच. पण नवऱ्याची वीर्यतपासणी 'नंतर बघू' म्हणून मागे पडू देऊ नकोस, घरचे कितीही तुझ्याकडेच बघत असले तरी. अडचण पुरुषाकडे असणं अजिबात दुर्मीळ नाही. सेंटर 2021 च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याखाली नोंदलेलं आहे ना, ते विचार. पॅकेजमध्ये इंजेक्शनं आणि गर्भ गोठवण्याचा खर्च धरलाय का, हे लेखी घे.

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून साधारण 10-12 दिवस बीजं वाढवण्यासाठी रोज इंजेक्शन, मधेमधे सोनोग्राफी. ट्रिगरचं, म्हणजे बीजं पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन मात्र सांगितलेल्या वेळेलाच घे. त्यानंतर साधारण 35 तासांनी बीजं काढतात आणि प्रयोगशाळेत त्यांचे गर्भ बनवतात. थोडं पोट फुगतंच. पण वजन झपाट्यानं वाढलं, लघवी कमी झाली किंवा दम लागला तर मध्यरात्र असली तरी डॉक्टरांना फोन कर. संकोच नको.

आणि आकड्यांसाठी मन तयार ठेव. दहा बीजं मिळाली म्हणजे दहा गर्भ नव्हेत; प्रत्येक टप्प्यावर काही गळतात. हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून बायका उगाच स्वतःला दोष देतात. तू देऊ नकोस. ट्रान्सफरनंतर, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडल्यावर, अंथरुणाला खिळून राहायचीही गरज नसते, बेताचं चालणं-फिरणं ठेव.