घरचा पिना कोलाडा: दाटपणा नारळाचा हवा, दुधाचा नको

पिना कोलाडा, म्हणजे अननस आणि नारळाचं थंड पेय, त्याबद्दलचा तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले. ताज्या अननसाचे तुकडे, फ्रेश क्रीम, व्हॅनिला आइस्क्रीमचे दोन गोळे आणि बर्फ हे सगळं तुम्ही मिक्सरमधून फिरवलंत. पहिला घोट छान लागला, पण ट्रे बाहेर जाईपर्यंत वर फेस, खाली पाणी आणि चवीला कडवट. आता शनिवारी लेकीच्या वाढदिवसाला 12 जणांसाठी करायचाय, तर हॉटेलसारखा दाट आणि गुळगुळीत कसा होईल, असं तुम्ही विचारलंय.

तुमच्या हाताचं काही चुकलेलं नाही. चूक आहे ती ताजा अननस आणि दूध एकत्र आणण्यात. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एंझाइम असतं आणि ते प्रथिनं तोडतं. जास्त अननस खाल्ला की जीभ चरचरते, त्यातही त्याचाच हात असतो. दुधातली प्रथिनं त्याच्या तावडीत सापडली की त्यांचे बारीक तुकडे होतात आणि त्यातले काही चवीला कडू असतात. त्यात अननसाचा आंबटपणा दूध फाडतो तो वेगळाच. म्हणून पहिला घोट गोड आणि अर्ध्या तासाने तोच ग्लास कडू. माझ्या भाच्याच्या मुंजीला मी आदल्या रात्री मोठं पातेलंभर करून फ्रीजमध्ये ठेवला होता. सकाळी वर दह्यासारखा थर, खाली पिवळं पाणी, आणि चव मेथीदाणा चावल्यासारखी. तीन अननस आणि अर्धा लिटर क्रीम ओतून द्यावं लागलं, त्याची हळहळ अजून आहे.

आपल्या पुण्यात दाट आणि थंड म्हटलं की हात आपोआप मस्तानीच्या वळणावर जातो: दाट दूध, फळाचा रस, वर आइस्क्रीम. आंब्याला ते उत्तम चालतं, कारण आंब्यात हे एंझाइम नाही. अननसाचा शिरा कडू होत नाही, कारण त्यात अननस शिजलेला असतो. उष्णतेने ब्रोमेलेन निकामी होतं. डब्यातला अननसही तापवूनच भरलेला असतो, म्हणून त्याचं रायतं बिघडत नाही. तेव्हा आइस्क्रीम घालायचंच असेल तर अननसाचे तुकडे चमचाभर साखर घालून पाच-सात मिनिटं चांगले उकळू द्या, पूर्ण गार करा आणि मग वापरा. फुटण्याचा धोका बराच कमी होतो. पण शिजवल्यावर ताज्या अननसाचा तो टवटवीत वास जातो आणि पेयाला शिऱ्याची चव येते. मला स्वतःला ते पटत नाही.

आणि मुळात त्याची गरजच नाही. पिना कोलाडा कॅरिबियनमधल्या पोर्तो रिको बेटाचा. सान हुआन शहरातल्या करीबे हिल्टन हॉटेलात 1954 मध्ये रामोन मारेरो यांनी तो पहिल्यांदा केला असं ते हॉटेल सांगतं. या मानावर तिथे इतरांचेही दावे आहेत. 1978 मध्ये तो पोर्तो रिकोचं अधिकृत पेय ठरला. तिथे त्यात रम असते, आपण ती वगळणार. पण त्याचा दाटपणा येतो तो नारळाच्या गोड, आटीव दुधातून. आणि स्पॅनिशमध्ये ‘पिना’ म्हणजे अननस, ‘कोलाडा’ म्हणजे गाळलेला. गाळणं नावातच आहे आणि घरी नेमकं तेच आपण करत नाही. तुमच्या ग्लासात घशाला लागणारे दोरे होते ना, ते त्यामुळे.

आता नारळ. माझं माहेर कोकणातलं, त्यामुळे सोलकढीच्या निमित्ताने आईच्या हाताखाली हे शिकले. मध्यम नारळाचं ओलं खोबरं खवून साधारण दोन वाट्या होतं. विळीवर खवताना करवंटीच्या तपकिरी सालीपर्यंत जाऊ नका, रंग मळतो. मिक्सरमध्ये खोबरं घेऊन अर्धी ते पाऊण वाटी पाणी घाला. पाणी बोट बुडवल्यावर सुखावह वाटेल इतकंच गरम हवं. एक मिनिट फिरवा, पाच मिनिटं तसंच राहू द्या. मग ओल्या पंच्यात घालून पुरचुंडी बांधा आणि पिळा. पहिल्यांदा सैल हाताने पिळलं तर पातळ दूध येतं. खरी गंमत शेवटच्या दोन पिळ्यांत असते: पुरचुंडी आवळून मनगट फिरवलं की पंच्याच्या विणीतून सायीसारखे जाड थेंब फुटतात, बोटांच्या पेरांवरून ओघळतात आणि हाताला तुपासारखा ओशटपणा राहतो. ते थेंब वाया घालवू नका, तीच या पेयाची मलई आहे. एका नारळातून सव्वा वाटीच्या आसपास हे घट्ट दूध मिळतं. चोथ्यात पुन्हा पाणी घालून निघणारं दुसरं दूध इथे अजिबात घालू नका. ते रात्रीच्या सोलकढीसाठी ठेवा.

या घट्ट दुधातलं एक वाटी दूध आणि अर्धी वाटी साखर जाड बुडाच्या पातेल्यात घ्या, चिमूटभर मीठ घाला आणि मंद आचेवर ढवळत राहा. कडेला बुडबुडे दिसू लागले, साखर विरघळली आणि चमच्याच्या पाठीवर पातळ थर धरू लागला की बंद. चार-पाच मिनिटांचं काम. खळखळा उकळलंत तर तेल सुटेल. हा झाला नारळाचा गोड पाक, परदेशात डब्यात मिळतो तो घरी. फ्रीजमध्ये तीन दिवस छान राहतो.

दुकानातून विकत आणणार असाल तर नारळाचं दूध, नारळाची साय आणि हे गोड आटीव दूध या तीन वेगळ्या वस्तू आहेत, नावावर जाऊ नका. तयार नारळाचं दूध चालेल, फक्त डबा न हलवता रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि वरचा घट्ट थर चमच्याने काढून घ्या. पावडर घेतलीत तर मागची बाजू वाचा. काही पावडरींत दुधातलं केसिन नावाचं प्रथिन घातलेलं असतं, म्हणजे कडवटपणाचं कारण पुन्हा ग्लासात. पाहुण्यांत कोणाला दूध चालत नसेल तर हे बघणं आणखी गरजेचं.

अननस मंडईतून आणा, पण हातात घेऊन, वास घेऊन. शेंड्याकडून नाही, बुडाकडून वास घ्यायचा. तिथे गोड, मधासारखा वास यायला हवा. वास नसेल तर फळ कच्चं आहे आणि आंबट वास आला तर आत उतरलं आहे. अननस झाडावरून काढल्यावर आंब्यासारखा पिकून गोड होत नाही. घरी चार दिवस ठेवलात तर पिवळा होईल, मऊ होईल, पण गोडी तेवढीच राहील. म्हणून ‘दोन दिवसांनी पिकेल, ताई’ यावर विसंबू नका. आकाराच्या मानाने जड घ्या. गाडीवाले डोळे काढून सोलून देतात ते सोयीचं आहे, पण या कामासाठी मी अख्खा आणून घरीच चिरते, कारण रस त्यांच्या पाटावरच अर्धा वाहून जातो. डोळे तिरप्या ओळीत असतात, त्या ओळीने सुरी तिरकी धरून खाच काढत गेलात की गर कमी वाया जातो. मधला दांडा काढून टाका.

तुकडे पाणी न घालता मिक्सरमधून काढा आणि पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून किंवा मोठ्या गाळण्यातून चमच्याने दाबून गाळा. हा गाळलेला गर बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून रात्रभर गोठवा. आपल्या पिना कोलाडात पाण्याचा बर्फ एकही पडणार नाही, हे अननसाचे खडेच बर्फाचं काम करतील. तुमच्याकडे खाली पाणी जमलं त्यात निम्मा वाटा बर्फाचा होता. पुण्यात एप्रिल-मेच्या उकाड्यात बर्फ घातलेलं पेय दहा मिनिटांत पातळ होतं. हे मात्र वितळलं तरी अननसच राहतं.

दोन मोठ्या ग्लासांसाठी गोठवलेला अननस दीड वाटी, घट्ट दूध अर्धी वाटी, गोड पाक चार मोठे चमचे, लिंबाचा रस एक चहाचा चमचा, मीठ चिमूटभर. इतकंच. लिंबू आणि मीठ विसरू नका. रम काढली की पेयाची धार जाते, मागे नुसतं गोड आणि स्निग्ध उरतं आणि तिसऱ्या घोटाला ते जड वाटतं. ती धार लिंबू परत आणतं. आणि एक गोष्ट मी गेली कित्येक वर्षं करते, ती मनापासून सुचवते: एक चहाचा चमचा काकवी. रम बहुतेक उसाच्या मळीपासून बनते, तिच्या चवीत उसाचा तो गडद, किंचित जळका गोडवा असतो. काकवीही उसाच्या रसाचीच. रंग जरा गडद होतो, पांढरट पिवळा राहत नाही, पण चवीला जी खोली येते ती इसेन्सच्या कुठल्याही बाटलीत नाही. ग्लासात ओतल्यावर वरून जायफळ, अगदी दोनदा किसणीवर घासलं तेवढंच.

फिरवण्याचा क्रम चुकला तर एवढं करूनही पेय कणीदार होतं. थंडीत आपली खोबरेल तेलाची बाटली गोठते ना, तेच इथे होतं. नारळाची चरबी साधारण 24 अंशांच्या खाली घट्ट होते. फ्रीजमधलं गार दूध आणि गोठलेला अननस एकदम टाकून दोन-तीन मिनिटं फिरवलंत तर चरबीचे मेणासारखे कण धरतात आणि ओठांना लागतात. म्हणून घट्ट दूध आणि पाक आधी बाहेर काढून ठेवा. घट्ट झाले असतील तर बाटली पाच मिनिटं कोमट पाण्यात उभी करा. मिक्सरमध्ये आधी हे दोन्ही, लिंबू, मीठ आणि काकवी घालून दहा सेकंद फिरवा. मग अननसाचे खडे तीन-चार करत टाका आणि थांबून थांबून फिरवा. खडे आधी पाच मिनिटं बाहेर ठेवले असतील तर मिक्सरच्या पात्यावरही ताण येत नाही. शेवटचा खडा फुटला, आवाज खडखडाचा घरघर झाला की लगेच थांबा. चमचा उभा धरून सोडला तर सावकाश कलला पाहिजे, इतपत दाट.

शनिवारच्या 12 ग्लासांसाठी तीन मध्यम अननस आणि चार नारळ लागतील. एखादा नारळ खवट निघतो, म्हणून पाच आणा. गुरुवारी रात्री अननस गाळून गोठवा, शुक्रवारी दोन वाट्या घट्ट दूध आणि एक वाटी साखरेचा पाक करा आणि उरलेलं तीन वाट्या घट्ट दूध फ्रीजमध्ये ठेवा. पार्टीच्या वेळी एका घाण्यात तीन-चार ग्लासच करा. सगळं आधी करून जारमध्ये भरून ठेवण्याचा मोह टाळा. नारळाचं दूध दुधासारखं कडू होत नाही, पण उभं राहिलं की थर सुटतात. ग्लास मात्र तासभर आधी फ्रीजरमध्ये ठेवा, त्याने फार फरक पडतो. मुलांसाठी काकवी घालू नका, त्यांना पांढरट रंगच आवडतो. वर चेरी लावायची की अननसाची फोड, ते लेकीला विचारा.

जारमध्ये उरलं तर कुल्फीच्या साच्यात ओतून काडी टोचा आणि गोठवा. रविवारी दुपारी मुलांना द्यायला होईल. साच्यातून निघत नसेल तर साचा नळाखाली क्षणभर धरा, जास्त वेळ नको, कडेचा नारळ लगेच सुटतो.