पहिल्या डावाला नियमांचं पुस्तक कपाटातच ठेव

अरे, रविवारी दादरला चार नवखे बोलावलेस ना? मग डंजन्स अँड ड्रॅगन्सची, म्हणजे एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायची त्या खेळाची, पहिल्या पातळीची पात्रं आदल्या रात्री तूच लिहून ठेव. नाहीतर पात्रं बनवण्यातच दुपार जाते आणि खेळ रंगात येतो तेव्हा कर्जतवाल्याला लोकल पकडायची असते. योद्धा, चोर चालतील. जादूगार शक्यतो नको, मंत्रांची यादी बघूनच माणूस बिचकतो.

नियम एकच सांग: वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या क्षमतेचा बोनस (पात्राच्या कागदावर + किंवा − लावून लिहिलेला छोटा आकडा) मिळवायचा. बेरीज सोप्या कामाला किमान १०, मध्यमला १५, अवघडला २० लागते. बाकी हिशेब तू सांभाळ. कुणी म्हणालं, ‘राक्षसाला वडापाव देतो’, तर अडवू नकोस. फासा टाकायला लाव.